भरली पाटी मागे वळत नाही

रस्त्यावर माणूस मरू नये, एवढंच माझं काम होतं. ते मी केलं. माझ्या ताब्यात तो रस्ता होता तोवर त्याच्यावर एकही माणूस मेला नाही. हे आधीच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणी म्हणेल की म्हाताऱ्याला काम जमलं नाही. जमलं. जमलं म्हणूनच लिहायला बसलोय.

मी दुसरीपर्यंत शिकलो. मास्तरांनी विनाकारण मारलं असं मला वाटलं आणि शाळा सोडली. बापाने झोडपलं, तरी परत गेलो नाही. आमचं गाव तारापूरच्या अंगाला, खाडीच्या तोंडावर. जात दर्यावरची, पण मला बोट लागायची. होडीत बसलो की पोटातलं सगळं बाहेर. कोळ्याच्या पोराला बोट लागते म्हटल्यावर गाव हसणारच. म्हणून मी दर्याकडे पाठ केली आणि रस्त्याच्या खात्यात खडी फोडायला लागलो. खडी फोडता फोडता मैलकुली झालो, म्हणजे नेमून दिलेला मैलभर रस्ता राखणारा मजूर, आणि पुढे मैलकुल्यांचा मुकादम. आवाज मोठा होता आणि वाकायची सवय नव्हती, तेवढ्यावर मुकादमी मिळाली.

तेव्हाचा रस्ता म्हणजे बैलगाड्यांचा. गवताच्या गाड्या बोईसर स्टेशनाकडे जायच्या, मधून एखादी मोटार यायची आणि तिच्यामागे पोरं धावायची. मग किनाऱ्यावर ते विजेचं मोठं काम निघालं. सन साठच्या पुढची ती वर्षं. स्टेशनावर लोखंड उतरायचं, सिमेंट उतरायचं, आणि ते सगळं आमच्या त्या एका रस्त्याने दर्याकडे जायचं. रस्त्यावर डांबर पडलं. रुंदी मात्र तेवढीच राहिली, दोन गाड्या अंग चोरून जातील एवढी.

एक दिवस ओव्हरसियर साहेबांनी मला बोईसरला बोलावून घेतलं. साहेब देशावरचे, बदलून आलेले. माणूस भला.

"मुकादम," ते म्हणाले, "माझ्याकडे असे आणखी चार रस्ते आहेत. हा तुमचा. ट्रक चालले पाहिजेत आणि माणूस मरता कामा नये. काही झालं तर मी तुम्हालाच विचारणार."

मला तोवर साहेब लोकांनी कधी 'तुम्ही' म्हटलं नव्हतं. त्यांनी मला एक लाल निशाण दिलं, एक हिरवं दिलं, चुन्याची पोती आणि रंगाचा डबा दिला. आता पालघरात असल्या कामाला शिकलेले इंजिनियर असतात, नकाशे असतात, चौकात दिवे लागतात. त्या रस्त्याचा इंजिनियर मीच, हवालदार मीच आणि दिवाही मीच. घरी जाताना निशाणं खांद्यावर टाकून गेलो, सगळ्या गावाला दिसतील अशी.

कामाला लागलो. झाडांच्या बुंध्यांना चुना मारला. नाल्यावरच्या मोरीचे, म्हणजे त्या लहान पुलाचे, कठडे पांढरे केले. ट्रकवाल्यांनी सावकाश जावं म्हणून वस्तीच्या तोंडाशी मुरमाचे आडवे उंचवटे घातले. ट्रकवाले परगावचे, उत्तरेकडचे. त्यांना पैसे खेपेवर मिळायचे. जेवढ्या खेपा, तेवढी कमाई. एकाने ट्रक थांबवून मान बाहेर काढली.

"चाचा, ये पहाड़ क्यूँ बनाया?"

"धीरे चलाने को."

"धीरे चलाऊँगा तो खाऊँगा क्या? तेरा पहाड़?"

दोन दिवसांत त्यांनी उंचवटे चाकांनी सपाट केले. मी परत घातले. त्यांनी परत सपाट केले. असं किती वेळा झालं ते आठवत नाही, पण आधी थांबलो तो मी नव्हे. मुरूम संपला.

हे सगळं चाललं होतं ते कोणासाठी, ते सांगतो. आमच्या गावच्या बायकांसाठी. आणि खरं लिहायचं तर माझ्या बायसाठी. बाय म्हणजे माझी मोठी बहीण.

होड्या किनाऱ्याला मासळी टाकून भरतीबरोबर परत जाळ्यांवर जायच्या. इकडे बायका पाट्या भरायच्या आणि उजाडता उजाडता बोईसरच्या वाटेला लागायच्या. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीतलं पाणी पाठीवरून घोट्यापर्यंत. चालायच्या नाहीत, धावायच्या. कोणी स्टेशनावर गाडी धरून उमरोळी-पालघरला जायची, कोणी बोईसरच्या बाजारात बसायची, कोणी सालवड, सरावलीला दारोदार. सगळ्या एका रांगेत. जाणत्या पुढे, नव्या सुना मागे, आणि सगळ्यात नवी सून सगळ्यात शेवटी. रांगेच्या पुढे माझी बाय, आणि शेवटी, त्या वर्षी, तिचीच सून.

आता आमच्या गावची एक रीत. भरली पाटी एकदा डोक्यावर चढली की मागून हाक मारायची नाही. मारली कोणी, तरी बाईने वळायचं नाही. पहिली विक्री, तिला आम्ही भवानी म्हणतो, ती होईपर्यंत तोंड पुढेच. कारण घरचे पुरुष दर्यावर असतात. इथे भरली पाटी वळली तर तिथे होडी उलटते. शिकलेली माणसं याला हसतात. हसू देत. बाय आयुष्यात एकदाच वळली होती. मागून शेजारीण म्हणाली, गो, तुझ्या पाटीतला मासा पडला. ती वळली. त्या दिवशी वारा उठला आणि भावोजींची होडी परत आली नाही. वारा काय एका माशासाठी उठला असेल? मी तिला हे कधी विचारलं नाही. तिला असलं विचारायची छाती गावात कोणाचीच नव्हती. आता तिचा एकुलता मुलगा त्याच दर्यावर जात होता.

दिवाळी होऊन गेली होती. मी मोरीच्या अलीकडे खड्डे भरत होतो. बायकांची रांग रस्त्याच्या डाव्या कडेने आली आणि मागून रिकामा ट्रक आला. बोईसरकडे जाणारे रिकामे ट्रक सगळ्यात वाईट, वारं भरल्यासारखे सुटायचे. त्याने हॉर्न दिला. पुन्हा दिला. मी स्वतः ऐकला. रांगेतली एकही मान हलली नाही. समोरून गवताची गाडी आली, ट्रक डावीकडे दाबला गेला आणि त्याच्या बाजूच्या फळीने शेवटची पाटी उडवली. बायची सून डांबरावर आपटली. मांदेली रस्ताभर.

ट्रक थांबला. ड्रायव्हर उतरला. "हॉर्न मारा था, चाचा. भगवान कसम, मारा था."

मी धावत पुढे गेलो, बायच्या समोर उभा राहिलो.

"हॉर्न ऐकला नाय तू?"

"ऐकला ना. बहिरी हाय का मी?"

"मग बाजूला का नाय झालीस?"

"मागून हाका मारत होता तो. मागून हाक मारतो त्याला जागा देतात काय? मेला अपशकुनी."

"ती हाक नाय गो, हॉर्न हाय तो!"

"काय सांगतो हॉर्न? 'ए, सरक' असंच ना? मग हाकच ती."

हे सगळं बोलताना तिचं तोंड बोईसरकडे होतं. सगळ्या रांगेचं तोंड बोईसरकडे. सून त्यांच्या पाठीमागे पडलेली, हात कोपरातून वाकडा झालेला, आणि बाय पुढे बघतच विचारत होती, "मोडला काय गो हात? बोल ना. मोडला काय?" तिच्या गालावरून पाणी येत होतं. ते पाटीतलं नव्हतं. पण ती वळली नाही. एकही वळली नाही. पोरीला मी आणि त्या ड्रायव्हरने उचललं.

त्या दिवशी मला कळलं की चुना नि मुरूम घेऊन मी कशाशी भांडतोय.

साहेबांनी विचारलं, तेव्हा मी सगळं सांगितलं. ते म्हणाले, "गावात बोला." मी गावच्या पंचांकडे गेलो. देवळापुढे सगळे बसले होते, जाळी विणत. मी म्हणालो, रीत बदला, निदान डांबरी रस्त्यापुरती बदला. सगळ्यात म्हाताऱ्या पंचाने सुई थांबवली.

"दर्या तुझ्या खात्यात येतो काय रे?"

"नाय."

"मग दर्याचं तू बोलू नको. तुला तर बोट लागते."

सगळे हसले. मी उठून आलो. चप्पल तिथेच राहिली, ती आणायलाही परत गेलो नाही.

मग मी डोकं लढवलं. वळायचं नाही ना? नका वळू. ट्रकच समोरून येऊ देत. बायकांनी डावीकडून न जाता उजव्या कडेने जायचं. म्हणजे जो ट्रक त्यांच्या अंगावरून जाणार तो डोळ्यांपुढून येणार, आणि मागून येणारा रस्त्याच्या पलीकडून निघून जाणार. साहेब म्हणाले, "शाळेत मुलांना डावीकडून चाला म्हणून शिकवतात, मुकादम."

"शाळेतली पोरं मागे वळून बघतात, साहेब."

ते हसले. "बरं, करा. पण मोरीवर काय करणार? तिथे डावी ना उजवी."

"ते बघू," मी म्हणालो. मला अडचण सांगितलेली आवडत नसे.

माझ्या लोकांना घेऊन मी उजवी साइडपट्टी बांधून काढली. मुरूम टाकला, पाणी मारलं, ठोकून ठोकून पायाला बरी केली. रस्ता आणि पट्टीच्या मध्ये चुन्याची रेघ ओढली, गावापासून पार बोईसरच्या वेशीपर्यंत. मग बायला नेऊन दाखवली. तिने अनवाणी पायाने मुरूम दाबून बघितला.

"हे कोणाचं?"

"तुमचं. बायकांचं."

"सरकारने बांधलं?"

"मी बांधलं."

"मग टिकेल काय?" असं म्हणाली नि हसली. भावोजी गेल्यापासून तिला हसताना मी फार वेळा पाहिलं नव्हतं.

त्या सुक्या दिवसांत ते चाललं. समोर ट्रक दिसला की बाय एक हात वर करायची आणि अख्खी रांग एकदम गवतात उतरायची. ट्रक गेला की परत वर. ट्रकवालेही हात करायला लागले. "ओ मौसी! पापलेट है क्या?" एखादा ओरडायचा, आणि बाय ओरडायची, "हाय ना! तुझ्या बापाने ठेवलाय पैसा?" मी सायकलवरून त्यांच्या बाजूने जायचो, छाती पुढे काढून. मला वाटलं, जमलं.

पण रस्त्याला लागून कडक पट्टी मिळाली म्हटल्यावर ट्रक तिच्यावर येणारच. हे मला त्या दिवसांत दिसलं नाही. कोणालाच दिसलं नाही. आधी एखादा ट्रक दुसऱ्याला मागे टाकताना अर्धं चाक पट्टीवर घालायचा. मग पूर्ण चाक. शिमग्यापर्यंत माझी चुन्याची रेघ पुसून गेली आणि रस्ताच तेवढा रुंद झाल्यासारखे ते चालवायला लागले. मी पट्टीच्या कडेला पांढरे धोंडे बसवले. गवताच्या गाडीचा कणा त्यांच्यावर मोडला. गाडीवाला माझ्या सात पिढ्या उद्धरून गेला, आणि साहेबांनी धोंडे काढायला लावले. त्यांचंही बरोबर होतं. सगळ्यांचंच बरोबर होतं, आणि रस्ता तेवढाच होता.

पावसाळ्यात होड्या वर ओढलेल्या असतात, ताजी मासळी नसते. तेवढे महिने मला झोप लागली. नारळी पौर्णिमा झाली, होड्या पाण्यात गेल्या, पाट्या परत भरल्या. तोवर पावसाने उजवी पट्टी खाऊन टाकली होती. मी मुरूम मागत होतो आणि मुरूम सगळा मोठ्या कामाकडे जात होता.

तसंच एका सकाळी, पावसाची भुरभुर चालू असताना, बाय रांग घेऊन मोरीवर चढली आणि पलीकडून सिमेंटचा भरलेला ट्रक आला. त्याने बायचा वर केलेला हात बघितला, वेग कमी केला. त्याच्या मागच्याला तेवढा धीर नव्हता. तो बाजूने पुढे निघाला. मोरीच्या रुंदीएवढे दोन ट्रक, समोरून, शेजारी शेजारी. बायला सगळं दिसत होतं. दिसावं म्हणून तर मी तिला त्या बाजूला आणलं होतं. कठडा गुडघ्याएवढा. ती ओरडली, "उड्या टाका गो!" आणि पाटीसकट नाल्यात गेली. तिच्यामागून सगळ्या गेल्या. ऐन पावसाचा नाला, कमरेच्या वर पाणी. दोन्ही ट्रक मोरीवरून गेले, थांबलेही नाहीत.

कोणी मेलं नाही. बायचे पुढचे दोन दात गेले, एकीच्या पायाला खोक पडली, बाकीच्या चिखलाने माखल्या. मासळी सगळी नाल्यात. पाण्यातून वर येताना एक थोराड बाई म्हणाली, "पाण्यातून आणली, परत पाण्यात सोडली. दर्याला उलटी भेट दिली आमी," आणि त्या तशाही हसल्या. मी नाही हसलो. मी काठावर उभा राहून माणसं मोजत होतो आणि माझी मोजणी दर खेपेला चुकत होती.

साहेबांनी ठेकेदाराच्या माणसाला बोलावलं. तो म्हणाला, ट्रक कमी करता येणार नाहीत, वेळ गाठायची आहे. साहेब म्हणाले, रस्ता रुंद करायला मंजुरी यायची आहे. मग दोघंही माझ्याकडे बघायला लागले. मीच म्हणालो, "सकाळी पायी चालणारं माणूस त्या रस्त्यावर नको. बंद करा." माझ्या तोंडचे शब्द आहेत ते, दुसऱ्या कोणाचे नव्हेत. आजही तीच वेळ आली तर तेच बोलीन. त्या मोरीवर पुढच्या वेळी नाल्यात पाणी नसतं, खाली धोंडे असते.

हुकूम निघाला. सकाळच्या वेळी ट्रक जातील, पायी वाहतूक बंद. बायकांनी प्रवासी मोटारीने जावं. मोटारीचा कंडक्टर म्हणाला, ओली पाटी चालणार नाही, बाकीच्या माणसांचे कपडे घाण होतात. मग बोईसरचा एक व्यापारी म्हणाला, मी टेंपो पाठवतो, मासळी किनाऱ्यावरच घेतो. टेंपोत मासळी बसत होती, बायका बसत नव्हत्या.

हुकमाच्या पहिल्या सकाळी मी गावची वाट जिथे डांबराला मिळते तिथे लाल निशाण घेऊन उभा राहिलो. मला माहीत होतं, ती येणार. आली. मागे सगळी रांग, शेवटी तिची सून, हात बरा झालेली.

मी निशाण आडवं धरलं.

"काय रे, लाल लुगडं घेऊन उभा हाय?" मागून कोणीतरी ओरडली. "नाचतोस काय?"

"मुकादम झाला म्हणजे रस्ता याच्या बापाचा झाला!"

 बाय माझ्यापासून हातभर अंतरावर थांबली.

"परत जा, बाय," मी म्हणालो.

"परत कशी जाऊ?"

तोपर्यंत मला ते सुचलंच नव्हतं. खरं सांगतो, नव्हतं सुचलं. रात्रभर विचार केला होता, ती काय बोलेल, मी काय बोलीन. त्या गावातच जन्मलो, आणि पाटी भरून डोक्यावर चढली की ती वळणार नाही, हे विसरलो होतो. पुढे मी, मागे वळता येत नाही. त्या उभ्या राहिल्या.

ऊन वर आलं. ट्रक जायला लागले. एकाने थांबून विचारलं, "क्या हुआ चाचा, शादी है क्या?" मी त्याला हाकललं. बायकांच्या माना ताठ, पाटीचं पाणी पाठीवर वाळलेलं, माशा घोंगावायला लागलेल्या. टेंपो आला नि बाजूला उभा राहिला. टेंपोवाला विडी ओढत बघत होता. थट्टा कधीच थांबली होती. मागची एक लेकुरवाळी हळूच म्हणाली, "बाय, माझी मान गेली गो." बाय म्हणाली, "थांब."

मग मला म्हणाली, "तू हलणार नाय?"

"नाय."

"मी मेले तरी?"

"तू मरू नये म्हणूनच नाय."

ती माझ्याकडे बघत राहिली. दात गेल्याने तिचं तोंड आमच्या आयसारखं दिसायला लागलं होतं. मग तिने दोन्ही हातांनी पाटी उतरवली, माझ्या पायांपुढे ठेवली आणि तिच्यापुढे उकिडवी बसली, बाजारात बसते तशी.

"घे. भवानी तू कर. भवानी झाली की आमी वळू."

मी खिशात हात घातला. निशाण दुसऱ्या हातात होतं, ते खाली पडलं. तिने बोंबलांचा एक वाटा काढून पानावर ठेवला. भाव सांगितला. जास्त नाही, कमी नाही, बाजारातला. मी नाणं दिलं. तिने ते पाटीला लावलं, कपाळाला लावलं, कनवटीला खोचलं. पाटी परत डोक्यावर घेतली, आणि वळली.

तिच्यामागून रांग वळली. आता तिची सून पुढे नि ती शेवटी. टेंपोवाल्याने विडी विझवली आणि गाडी त्यांच्यामागून गावात नेली.

बोंबील मी घरी नेले नाहीत. कुठे ठेवले, आठवत नाही.

त्यानंतर बायका रस्त्यावर आल्या नाहीत. मासळी टेंपोने जायला लागली. व्यापारी देईल तो भाव. बायकांच्या हातात जी कमाई यायची ती पुरुषांच्या हातात गेली, आणि पुरुषांच्या हातून कुठे जाते ते आमच्या गावाला कोणी सांगायला नको. बोईसरच्या बाजारात बायच्या जागेवर दुसरीच कोणी बसायला लागली. साहेबांची बदली झाली तेव्हा त्यांनी मला चार लोकांत उभं केलं आणि म्हणाले, "या माणसाच्या रस्त्यावर एकही मृत्यू नाही." टाळ्या वाजल्या. मीही मान ताठ ठेवली. खोटं काहीच नव्हतं.

बाय घरी किती दिवस बसणार? सरावलीच्या बाजूला कामगारांच्या खोल्या बांधायचं काम निघालं होतं. ती तिथे घमेली उचलायला लागली. सकाळी ठेकेदाराचा ट्रक गावात यायचा नि बायकांना उभ्या उभ्या भरून न्यायचा. तेच ट्रक, तोच रस्ता. पायी वाहतूक बंद होती, ट्रकातली नव्हती. माझ्या पुढून तो ट्रक जायचा, मी हिरवं निशाण दाखवायचो, आणि ती फळीला धरून दुसरीकडे बघत उभी असायची.

एकदा मी सरावलीला गेलो, मुद्दाम. ती वाळू चाळत बसली होती. तिथला मुकादम दिवसभर बायकांच्या मागून ओरडायचा, ए म्हातारी, ए बुढी, चल उचल. हाक आली की ती लगेच मागे वळायची. घमेल्याला रीत नसते.

मी तिच्याशेजारी बसलो. ती चाळणी हलवत राहिली.

"बोलत नाय काय?" मी म्हणालो.

"काय बोलू?"

"रागावलीस?"

"नाय. तू तुझं काम केलंस."

मला तेवढ्यावर उठायला हवं होतं. पण माझा स्वभाव तसा नाही. मला कबूल करून घ्यायचं होतं.

"मोरीवरून तशीच चालत राहिली असतीस तर? आज जिवंत हायस ना?"

तिने चाळणी खाली ठेवली. हाताची वाळू झटकली, प्रत्येक बोट वेगळं झटकलं.

"हाय ना, जिवंत हाय," ती म्हणाली. "आता त्याचं काय करू, तेवढं सांग, मुकादमा."

 तिने चाळणी उचलली नि कामाला लागली. संध्याकाळी ट्रक आला, बायका चढल्या, तीही चढली. मला कोणी चल म्हणालं नाही. मी पायी घरी आलो, माझ्याच रस्त्याने, उजव्या कडेने, आणि अख्ख्या वाटेत मला दुसरं चालणारं माणूस भेटलं नाही.